ब्रेलचे टपाल: तिकिटाविना परदेशी

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या ढोकीच्या पोस्टात परदेशचे टपाल घेऊन येणारी माणसे थोडी. पासबुक भरून घेणे, आरडीचा हप्ता भरणे, एखादे स्पीड पोस्ट करणे, यातच खिडकीचा दिवस जातो. अशा ठिकाणी जाऊन "हे पाकीट इंग्लंडला पाठवायचंय, तिकीट लावायचं नाही" असे म्हटले, की समोरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो आणि मग पाकिटाकडे. पण असे टपाल खरोखर आहे आणि ते नियमाने आहे. अंध माणसांसाठीचे ब्रेलमधले कागद, पत्रे आणि पुस्तके टपालखर्चाशिवाय देशात आणि देशाबाहेर जातात. ब्रेल वाचणारे कोणी तुमच्या घरात, भावकीत, शेजारी किंवा शाळेत असेल, तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

मला हे अक्कामुळे कळले. अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी देवी आल्या आणि तिची दृष्टी गेली. वसतिगृह असलेल्या अंधशाळेत ती ब्रेल शिकली. शाळेतली तिची जिवाची मैत्रीण आता इंग्लंडात लेकीकडे असते. दोघींचे फोनवर बोलणे होते, तरीही अक्का पाटी आणि टोचणी घेऊन बसते, जाड कागद लावते आणि उजवीकडून डावीकडे एकेक टिंब टोचत पत्र लिहिते. फोन असताना हा खटाटोप कशाला, असे मी एकदा विचारले. "फोन ठेवला की बोलणं गेलं," ती म्हणाली. "कागदावर उद्या परत हात फिरवता येतो, परवा परत फिरवता येतो."

पहिल्यांदा तिचे पाकीट घेऊन मी शहरातल्या एका पोस्टात गेलो. आत चार कागदांचे पत्र होते आणि ब्रेल पाक्षिकाचे तीन अंक. वजन झाले आणि रक्कम सांगण्यात आली. ब्रेलचा कागद जाड असतो, त्यामुळे पैसे चांगलेच झाले. हे अंध व्यक्तीसाठी आहे, असे मी सांगून पाहिले. "काका, परदेशाला फुकट काही जात नसतं," असे उत्तर मिळाले. मी पैसे भरले. पुढे चौकशी केल्यावर कळले की ते भरायची गरजच नव्हती. त्या कर्मचाऱ्याला एकट्याला मी दोष देत नाही. ज्या खिडकीवर वर्षानुवर्षे असे एकही पाकीट येत नाही, तिथे हा नियम कुणाच्या ध्यानात राहील? वापर थांबला की नियम पुस्तकात राहतो आणि खिडकीवरून जातो. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

ही सवलत आली कुठून, ते आधी सांगतो, कारण खिडकीवर बोलताना ते उपयोगी पडते. जगातल्या टपाल खात्यांची एक संघटना आहे, जागतिक टपाल संघ. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे ती स्थापन झाली. भारत तिच्यात १८७६ पासून आहे आणि आज १९२ देश तिचे सभासद आहेत. सगळे सभासद देश मिळून टपालापुरता एकच प्रदेश, हा तिचा पायाभूत विचार. १९५२ मध्ये ब्रसेल्सला भरलेल्या तिच्या परिषदेने अंधांसाठीचे साहित्य आंतरराष्ट्रीय टपालखर्चातून मुक्त केले. ही कुणा एका पोस्टमास्तरांची मेहेरबानी नाही. आपल्या देशाने सही केलेल्या कराराचा तो भाग आहे.

'एकच प्रदेश' हा विचार किती मोठा आहे, ते आमच्या भागातल्या जुन्या माणसांना चटकन कळेल. १९४८ पर्यंत ढोकी निजामाच्या राज्यात होती आणि पलीकडची बार्शी स्वातंत्र्यापर्यंत इंग्रजी मुलखात. निजामाची स्वतःची टपाल तिकिटे होती, पण ती त्याच्या राज्याबाहेर चालत नसत. लातूरहून निघालेली छोटी रेल्वे ढोकीवरून बार्शीला जायची. त्या गाडीच्या टप्प्यातल्या गावाला पत्र टाकायचे तरी तिकीट दुसऱ्या सरकारचे लागायचे. आज त्याच ढोकीतून निघालेले ब्रेलचे पाकीट तिकिटाविना लंडनला, मस्कतला, सिडनीला जाऊ शकते.

आता मुद्द्याचे. या सवलतीत काय बसते? ब्रेलमध्ये टोचलेला किंवा छापलेला कोणताही कागद: हाताने लिहिलेले पत्र, नियतकालिक, पुस्तक, शाळेच्या नोट्स. पत्र घरगुती असले तरी चालते, फक्त ते ब्रेलमध्येच हवे आणि पाकीट उघडे हवे. अंधांसाठीची ध्वनिमुद्रणे आणि ब्रेल लिहिण्याचा खास कागद यांनाही ही सवलत आहे, पण तिथे अट वेगळी आहे. पाठवणारी किंवा घेणारी बाजू अंधांसाठी काम करणारी मान्यताप्राप्त संस्था असली पाहिजे. म्हणजे मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने बोलकी पुस्तके पाठवली तर ती बसतात. तुम्ही घरी रेकॉर्ड केलेली सीडी भाच्याला पाठवली तर ती बसत नाही.

पांढरी काठी, ब्रेल घड्याळ, ब्रेल पाटी अशा वस्तूंबद्दल लोक हमखास विचारतात. जागतिक टपाल संघाने अलीकडच्या काळात व्याख्या रुंद करून अशा साधनांनाही जागा दिली आहे. परंतु प्रत्येक देश आपल्या अंतर्गत नियमांप्रमाणे ती स्वीकारतो, त्यामुळे वस्तू बांधून घेऊन जाण्याआधी पोस्टात विचारा. शिवाय वस्तू म्हटली की सीमाशुल्काचा फॉर्म आला. आत काय आहे, किती किमतीचे आहे, हे त्यात भरावे लागते. पहिल्यांदा पाठवणाऱ्याने नुसत्या ब्रेल कागदांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. त्यात वादाला जागा सर्वांत कमी.

वजनाची मर्यादा ७ किलो. पत्रासाठी ती अफाट वाटते, पण पुस्तकासाठी नाही. ब्रेलचे टिंब कागदातून वर आलेले असते, त्यामुळे पाने एकमेकांवर दाबून बसत नाहीत. अक्षरेही लहान करता येत नाहीत, कारण बोटाला लागेल तेवढा आकार ठेवावाच लागतो. छापील पुस्तक ब्रेलमध्ये गेले की कैक पटीने फुगते. मध्यम आकाराच्या कादंबरीचेही अनेक खंड होतात. अशा वेळी खंडांची दोन-तीन वेगळी पाकिटे करा. मापाचेही बघा. लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज ९० सेंटीमीटरच्या आत हवी आणि कोणतीही एक बाजू ६० सेंटीमीटरपेक्षा मोठी नको.

बांधणीवर सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण बहुतेक पाकिटे अडतात ती बांधणीवरच. नियमाचे सार एवढेच की पाकीट चिकटवून बंद करायचे नाही. टपाल खात्याच्या माणसाला वाटले तर ते सोडता, पाहता आणि पुन्हा बांधता आले पाहिजे. म्हणून डिंक नको, चिकटपट्टी नको, स्टेपलरच्या पिना नकोत. अक्कासाठी मी असे करतो. कागदांच्या खाली-वर त्याच मापाचे जाड पुठ्ठे ठेवतो, म्हणजे वाटेत टिंबे चेपत नाहीत. त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी, तोंड नुसते दुमडलेले. बाहेरून दोन्ही टोके उघडी राहतील असा तपकिरी कागद आणि त्यावर सुतळीची उभी-आडवी गाठ. एका ओढीत सुटणारी गाठ मारा, म्हणजे तपासणाऱ्याला कात्री लागत नाही आणि परत बांधायलाही त्याला सुतळी उरते. कागदांची गुंडाळी कधीही करू नका. गुंडाळलेल्या ब्रेलवरची टिंबे बसतात, आणि बसलेले टिंब म्हणजे पुसलेले अक्षर. जून ते सप्टेंबर प्लास्टिक दुहेरी घाला. ब्रेलचा कागद ओला झाला की वाळवून उपयोग नसतो.

पाकीट उघडे ठेवायचे म्हटल्यावर काहींचा जीव खालीवर होतो. घरचे पत्र कुणीही वाचील की! अक्काला मी हेच विचारले होते. ती म्हणाली, "वाचू दे की. वाचता आलं तर मला आनंदच आहे." ढोकी ते लंडन या वाटेवर ब्रेल बोटांनी वाचणारे किती हात लागतील, याचा विचार केला की तिचे म्हणणे पटते.

आता मोह कुठे होतो ते सांगतो. पाकीट बांधताना सुनेला वाटते, आपणही शाईने दोन ओळी लिहाव्यात. नातवाला वाटते, फोटो ठेवावा. राखीपौर्णिमा जवळ आली की कुणी राखी सरकवतो, दिवाळीला कुणी मसाल्याची पुडी. यातले काहीही नको. साध्या लिपीतला मजकूर आत चालतो तो एवढाच: पुस्तकाचे किंवा अंकाचे नाव, तारीख, अनुक्रमांक, मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता, किंमत, अनुक्रमणिका आणि ब्रेल लिपीची किल्ली. शाईने लिहिलेली एक चिठ्ठी निघाली, तरी ते पाकीट सवलतीतून बाद होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे त्या खिडकीवर पुढच्या खऱ्या पाकिटाकडेही संशयाने बघितले जाते. सुनेला दोन ओळी लिहायच्याच असतील तर अक्काला सांगून तिच्याकडून टोचून घ्याव्यात. आमच्या घरी तसेच होते. त्यामुळे धाकट्या पुतणीला आता बाराखडी ब्रेलमध्ये येते.

पाकिटावर जिथे तिकीट लावतात, त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात इंग्रजीत ठळक मोठ्या अक्षरांत 'ब्लाइंड लिटरेचर' लिहा. त्याखाली 'फ्री ऑफ पोस्टेज' लिहिले तर परदेशातल्या छाननी करणाऱ्यालाही सोपे जाते. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाचे काळे-पांढरे चिन्ह अशा टपालावर आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरतात. ते छापून पत्त्याच्या बाजूला लावता आले तर उत्तम. पत्ता इंग्रजीत लिहा, देशाचे नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत, आणि त्या देशाचा पोस्टकोड अजिबात चुकवू नका. पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव-पत्ताही बाहेरच हवा. आपल्या जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले आहे. परदेशातल्या कुठल्याशा यादीत अजून उस्मानाबाद असेल म्हणून काळजी नको. आपला पिनकोड आणि 'इंडिया' या दोन गोष्टी ठीक असल्या की परत येणारे पाकीट घरी येते. पत्ता घेणाऱ्यालाही कळावा म्हणून अक्का आतल्या पहिल्या कागदावर तोच पत्ता ब्रेलमध्ये टोचते.

आता खिडकी. पाकीट पेटीत टाकू नका, हातात द्या. लहान पोस्टात परदेशी टपालाची सवय नसेल तर धाराशिवच्या मुख्य टपाल कार्यालयात जा. १८९८ चा जुना टपाल कायदा गेला. त्याजागी २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून लागू आहे. म्हणून कुठल्या जुन्या पुस्तकातला नियम क्रमांक सांगून वाद घालू नका. "परदेशी टपालाच्या दरपत्रकात 'ब्लाइंड लिटरेचर' हा प्रकार बघता का?" एवढेच विचारा. नाव बरोबर घेतले की शोधणाऱ्याला ते सापडते. पाकीट स्पीड पोस्ट म्हणून नोंदवू देऊ नका. तो वेगळा प्रकार आहे आणि त्याला ही माफी नाही. खाजगी कुरिअरवाल्यांचा तर या कराराशी संबंधच नाही. टपालखर्चाबरोबर रजिस्ट्रेशनची आणि पोचपावतीची फीसुद्धा या प्रकाराला माफ आहे. त्यामुळे पाकीट महत्त्वाचे असेल तर रजिस्टर करण्याबद्दल विचारा. देशांतर्गत रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये मिसळले आहे, त्यामुळे हे विचारताना पाकीट परदेशी आहे, हे आधी सांगा.

तरीही नाही म्हणाले तर? आवाज चढवू नका. पोस्टमास्तरांना भेटा आणि नाकारण्याचे कारण लेखी मागा. विभागाच्या डाक अधीक्षकांना साध्या कागदावर अर्ज करता येतो. भारतीय टपाल खात्याचा मोफत दूरध्वनी १८०० २६६ ६८६८ हा आहे. माझा अनुभव सांगतो. दुसऱ्या खेपेला मी थेट वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी पाकीट सोडले, कागदावर बोट फिरवून पाहिले, दरपत्रक काढले आणि शिक्का मारला. सगळे मिळून वीस मिनिटे. सुतळीची गाठ त्यांनी स्वतः परत बांधली.

या सवलतीची एक बाजू आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर हिरमोड होत नाही. करारातली पूर्ण माफी आहे ती भूमार्गाने आणि जहाजाने जाणाऱ्या टपालाला, आणि ती सेवा सध्या चालू आहे का, हे आधी विचारावे लागते. विमानाने पाठवायचे असेल तर हवाई अधिभार भरावा लागतो. करारातच तसे आहे. मूळ टपालखर्च तेव्हाही माफच असतो, पण विमानाचा भार वजनाप्रमाणे लागतो आणि ब्रेल वजनदार असते. जहाजाने पाकीट पोचायला दोन-तीन महिने सहज लागतात. अक्काचे दुसरे पाकीट पावणेतीन महिन्यांनी पोचले. पत्रात तिने आषाढीच्या पालख्यांचे लिहिले होते आणि ते वाचले गेले नवरात्र सरताना. म्हणून घाईची बातमी फोनवर द्या आणि ब्रेलने असे काही पाठवा जे तीन महिन्यांनीही वाचावेसे वाटेल: अंक, पुस्तक, गोष्ट, पाककृती, आठवणी. चार पानांचेच पत्र लवकर पोचवायचे असेल तर हवाई अधिभार भरणे परवडते. पुस्तकांचे खंड मात्र, जहाजमार्ग चालू असेल तर, जहाजानेच जाऊ द्यावेत.

पाठवण्याआधी त्या देशाचे टपाल सध्या चालू आहे का आणि जहाजमार्ग खुला आहे का, हे विचारायला विसरू नका. अमेरिकेने सीमाशुल्काचे नियम बदलल्यावर २०२५ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तिकडचे बरेचसे टपाल भारतीय टपाल खात्याला थांबवावे लागले होते. अशा काळात पाकीट पडून राहण्यापेक्षा थोडे थांबलेले बरे.

परदेशातून इकडे पाठवणाऱ्यांसाठीही हीच सवलत आहे, आणि मराठी कुटुंबांना ती फारशी ठाऊक नसते. तुमची मुले, भाचे, पुतणे तिकडे असतील तर त्यांना हे कळवा. ब्रिटनमध्ये रॉयल मेलकडे हा प्रकार 'आर्टिकल्स फॉर द ब्लाइंड' नावाने ओळखला जातो. अमेरिकेत तिकिटाच्या जागी 'फ्री मॅटर फॉर द ब्लाइंड ऑर हँडिकॅप्ड' असे लिहितात. कॅनडात हे टपाल १८९८ पासूनच मोफत आहे. नावे वेगळी आहेत, बारीकसारीक अटीही वेगळ्या आहेत, त्या तिथल्या पोस्टात विचाराव्यात. अक्काच्या मैत्रिणीचे उत्तर आले तेव्हा कोपऱ्यात तिकीट नव्हते, नुसती छापील अक्षरे होती. आमच्या पोस्टमनने ते मला दोनदा फिरवून दाखवले.

मराठीतून ब्रेल आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. लुई ब्रेल यांनी आपली सहा टिंबांची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. तिच्यात मराठी नीट लिहिता येते, आपल्या 'ळ'लासुद्धा स्वतःचे चिन्ह आहे. हिंदी ब्रेल येणाऱ्याला बाकीची मराठी अक्षरे वेगळी शिकावी लागत नाहीत. 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केले. परदेशातल्या मराठी अंध वाचकाला पाठवण्यासारखे याहून चांगले काही मला सुचत नाही, कारण त्यात आजचे जग मराठीतून येते. मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचे ब्रेल मुद्रणालय आहे. पुण्यात मीरा बडवे यांच्या 'निवांत अंध मुक्त विकासालया'त मराठी ब्रेल पुस्तके तयार होतात. देहरादूनला अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे केंद्रीय ब्रेल मुद्रणालय १९५१ पासून आहे. या संस्था देशातल्या देशात ढोकीसारख्या गावाला पुस्तके पाठवतात, तेव्हा तीही याच सवलतीत येतात. म्हणजे परदेशात कुणी नसले तरी हा नियम तुमच्या कामाचा आहे.

पुस्तकांचा स्वामित्व हक्क, म्हणजे कॉपीराइट, आड येईल अशी भीती पूर्वी असे. ती आता बरीच कमी झाली आहे. अंध वाचकांसाठी पुस्तकांच्या प्रती करता याव्यात आणि त्या एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता याव्यात, म्हणून मोरोक्कोतल्या माराकेश शहरात २०१३ मध्ये करार झाला. त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता, २०१४ मध्ये. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू आहे, आणि अमेरिका व ब्रिटन हे देशही त्यात आहेत. त्यामुळे अधिकृत संस्था मराठी पुस्तकाची ब्रेल प्रत परदेशातल्या अंध वाचकाला पाठवू शकते. लेखक-प्रकाशकाची वेगळी परवानगी लागत नाही. ब्रेल वाचणारी मराठी मुले परदेशात असतील तर त्यांच्या पालकांनी तिथल्या महाराष्ट्र मंडळामार्फत इथल्या संस्थांकडे पुस्तकांची मागणी करावी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. अशा जुन्या संस्थांनी आपल्या ग्रंथालयात ब्रेलचे एक कपाट ठेवले, तर त्यातली पुस्तके टपालखर्चाविना भरत जातील.

विनातिकीट जाणारे दुसरे टपाल म्हणजे युद्धकैद्यांचे. त्यांची पत्रे आंतरराष्ट्रीय करारांनी मोफत आहेत. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतला वेढ्यात सापडलेली सहावी पुणे डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते. तुर्कांच्या कैदेत गेलेल्या अशा माणसांच्या घरी येणारे कार्ड बिनतिकिटाचेच असे. ज्याच्याकडे दुसरी वाट नाही त्याचे पत्र अडवू नये, हा विचार दोन्ही ठिकाणी सारखाच आहे.

आणि एक वाट पूर्ण बंद समजा. तिकीट न लावता नुसते पत्र पेटीत टाकायचे आणि पैसे घेणाऱ्याकडून वसूल होऊ द्यायचे, हा जुना नॉटपेडचा प्रकार काहींना आठवत असेल. परदेशी टपालात तसे करू नका. एक तर पाकीट परत येते, नाही तर समोरच्याला दंडासह भुर्दंड पडतो. साध्या छापील पुस्तकांवर 'ब्लाइंड लिटरेचर' लिहून पाठवता येईल का, असेही एकाने मला विचारले. मी त्याला नाही म्हणालो आणि तुम्हालाही तेच सांगतो. अशी चार पाकिटे उघडी पडली की पाचवे, खरे पाकीट घेऊन येणाऱ्या अंध माणसाला खिडकीवर उभे राहून आपला खरेपणा सिद्ध करावा लागतो.

शिक्षकांना एक विनंती. धाराशिव, लातूर, बार्शी या पट्ट्यात सर्वसाधारण शाळांमध्ये शिकणारी अंध मुले आहेत. त्यांच्याकडून ब्रेलमध्ये एक पत्र लिहून घ्या, मग ते मुंबईच्या शाळेतल्या मुलाला असो की परदेशातल्या. मूल स्वतः पाकीट घेऊन पोस्टात जाऊ दे, पोस्टमास्तरांच्या हातात देऊ दे, शिक्का पडल्याचा आवाज ऐकू दे. सोबत तुम्ही राहा, पण बोलू द्या त्यालाच. अक्का सासरी-माहेरी मिळून पन्नास वर्षे पत्रे लिहिते आहे. तरी पोस्टाची खिडकी तिने पहिल्यांदा गाठली ती गेल्या वर्षी, कारण तोवर आम्हीच तिची पाकिटे घेऊन जायचो. आता ती स्वतः येते. पाकीट पुढे सरकवते आणि म्हणते, "ब्लाइंड लिटरेचर, इंग्लंड, जहाजानं. आणि पावती द्या."

तुमच्या गावात ब्रेल वाचणारे कुणी असेल तर या महिन्यात त्यांना घेऊन एकदा पोस्टात जाऊन या.